फुलटोच्या आला की नाही

आंब्याला मोहोर आला की लोक मला फोन करतात. जणू तो माझ्या परवानगीने येतो आणि आल्याची पोच मला द्यायची असते. "मॅडम, आमच्याकडे कोकीळ ओरडायला लागला!" हा पहिला फोन यायला माघसुद्धा संपावा लागत नाही. मी "हो का, वा!" म्हणते. आता कोकीळ काय, खिडक्या लावून, पंखा फुल सोडून, टीव्हीवर बातम्या लावून बसलेल्या माणसालाही तो ऐकू येतो. त्यात त्याचं, माझं किंवा फोन करणाऱ्याचं काही कर्तृत्व नाही. पण मी पडले निसर्गलेखिका. गेली तीस-पस्तीस वर्षं रानातल्या, नदीकाठच्या, टेकडीवरच्या कादंबऱ्या लिहिते आहे, तेव्हा वसंत ऋतूचं आवक-जावक खातं माझ्याकडे असणार असं लोक धरून चालतात.

शिवाय हे दिवस सत्कारांचे. परीक्षा सुरू व्हायच्या आत कॉलेजांना आणि मार्च सरायच्या आत मंडळांना कार्यक्रम उरकायचे असतात. पूर्वी शाल आणि नारळ देत. शाल कुणाला तरी देऊन टाकता येई आणि नारळाच्या वड्या होत. हल्ली मला रोप देतात. रोप देणाऱ्याच्या पदरी पुण्य पडतं आणि ते जगवायचं पाप माझ्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आज काळ्या पिशव्यांमधून वड, पिंपळ, कडुनिंब आणि एक महोगनी असं अरण्य उभं आहे. कुठे लावू मी वड, कर्वे रस्त्याच्या दुभाजकावर? बोलायची सोय नाही, कारण टाळ्या वाजवून झालेल्या असतात.

एरवी या गोष्टींची मी गंमत करते. यंदा मात्र माझं डोकं जागेवर नाही. चैत्र लागला, मोहोर झडून कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या, आणि ज्याची मी वाट बघत होते तो अंगठ्याएवढा पक्षी मला अजून ऐकू आलेला नाही. गेल्या वर्षीही आला नव्हता.

त्याचं नाव फुलटोच्या. बघायला गेलं तर काहीच नाही. रंग राखेचा, त्यावर जुन्या भांड्याच्या कळकटपणाची किंचित हिरवट झाक. गाणं म्हणावं असं त्याला येत नाही. फक्त एक बारीक, कोरडा 'चिक्', मग पुन्हा 'चिक् चिक्', अडकित्त्याने सुपारीचा शेवटचा तुकडा कातरावा तसा. तो सबंध दिवस बांडगुळावर काढतो. बांडगुळाची फळं खातो, चिकट बिया फांदीला पुसतो आणि तिथे पुन्हा बांडगूळ उगवतं. आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर असं एक चांगलं थोराड बांडगूळ आहे. ते काढून टाकायचा ठराव सोसायटीच्या सभेत आला तेव्हा मी उभी राहून पंधरा मिनिटं भाषण केलं. चेअरमन शांतपणे म्हणाले, "सोसायटीत बांडगुळं पुष्कळ आहेत, मॅडम. त्यात आपल्या आग्रहाखातर झाडावरचं एक राहू दे." ठराव बारगळला, आणि बांडगूळ राहिलं. सभेत निवडून आल्यासारखं ते आता माझ्याकडे बघत असतं.

फुलटोच्याला डोळ्यांनी शोधायचं नसतं. पानांत पान होऊन जाणारा जीव तो. आधी कानाने धरायचा आणि मग नजर तिकडे न्यायची, हे मला कळलं ते याच गॅलरीत, मुक्ता, आमची मुलगी, रांगत होती त्या वर्षीच्या फाल्गुनात. त्या वर्षी माझ्या नवऱ्याला, श्रीधरना, कावीळ झाली होती.

तो फाल्गुन मला आजही पिवळाच आठवतो. श्रीधरचे डोळे पिवळे, नखं पिवळी. जेवणात बिनफोडणीचं मुगाचं वरण, तेही पिवळं. खाली रस्त्याला रसाची गाडी लागायची, तिच्या घुंगरांचा आवाज जिन्यातून वर यायचा, आणि मी किटली घेऊन पळायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवून घ्या. पाणी पिवळं होतं बघा." श्रीधर म्हणाले, "आधी त्या पाण्याची तपासणी करून आणा." ते कारखान्यात टूलरूमला होते. केसाइतक्या फरकाने माल परत पाठवणारा माणूस. अशा माणसाला सक्तीने खाटेवर निजवलं की तो घरातल्या वस्तू तपासायला लागतो. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, दाराची बिजागरी कुरकुरते, सगळं निजल्यानिजल्या सांगत. शेवटी मी वैतागून त्यांची खाट गॅलरीत लावली आणि म्हटलं, आता झाड तपासा.

ते तपासायला लागले. तांबटाची टुकटुक किती वेळ न थांबता चालते, बुलबुलांची जोडी कुठल्या फांदीवर भांडते. आणि एका सकाळी, मुक्ताला भात भरवता भरवता मी त्यांना ओरडताना ऐकलं, "अगं, ये! काहीतरी चिक् चिक् करतंय आणि दिसत नाहीये!" मी गेले. ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. श्रीधर चिडले. आवाज आहे म्हणजे आवाज करणारा असला पाहिजे, यंत्राचा नियम आहे. मग रोज सकाळी आमचा तोच उद्योग. चहा माझा, रस त्यांचा. ज्याला आधी ऐकू येईल त्याने म्हणायचं, "आला." एवढंच. पुढे बोट दाखवायचं नाही, कारण तो उडे.

शेजारणींकडून चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आली ती श्रीधरांच्या तोंडासमोर मी एकटीने खाल्ली, त्या दिवशी तो दिसला. उरल्यासुरल्या मोहोराचा तो आंबूस-गोड वास, डाळीतली हिरवी मिरची, नाकातून आलेलं पाणी, आणि त्या धूसर डोळ्यांसमोर बांडगुळाच्या लालसर फुलांपाशी एक मळकट ठिपका हलला. श्रीधर कुजबुजले, "एवढासाच?" किती निराश झाले होते! आणि मग कितीतरी वेळ दोघेही हसलो. कावीळ झालेल्या माणसाचं हसू फार फिकं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्या वर्षी बघितलेलं पहिलं हसू ते.

त्याच खाटेवर त्यांनी माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचलं. मी मोठ्या हौसेने दिलं होतं. एका पानावर ते थांबले. तिथे भर दुपारी रानात कुठलासा पक्षी मंजुळ गात होता.

"हे तू ऐकलंस?"

"नाही. पण गात असेल ना."

"असेल म्हणजे? आमच्याकडे 'बसत असेल' म्हणून नट लावत नाहीत."

मी दोन दिवस बोलले नाही. मग ते पान फाडलं. आणि त्या मोसमापासून माझा एक नियम झाला. ज्या ऋतूचं पान लिहायचं त्या ऋतूत आपल्या कानांनी ऐकलेलं आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच त्यावर येईल. गेल्या वर्षीचा आवाज या वर्षीच्या पानाला चालणार नाही. अंदाज तर नाहीच नाही. लोक माझ्या लिखाणाची जी काही तारीफ करतात ती या नियमाची आहे, माझ्या प्रतिभेची नाही. मुलाखतींमधून मी तो इतक्यांदा सांगितला आहे की आता मागे फिरायला जागा ठेवलेली नाही.

आणि आता तोच नियम माझ्या गळ्यात अडकला आहे. नवी कादंबरी पुरी होत आली, शेवटचं प्रकरण फुलटोच्याचं. त्याच्या आवाजानेच ती संपायची आहे, दुसरा शेवट तिला नाही. गेला वसंत मी वाट बघण्यात घालवला. पुढे पावसाळा, हिवाळा, आणि पुन्हा हा वसंत. माझे संपादक पराग गुणी आहेत, पण फोन करतात. "मॅडम, आवाजाचंच अडलंय ना? लिंक पाठवतो, हेडफोन लावून ऐका." त्यांनी पाठवली. आवाज पूर्ण वाढवून मी ऐकली. लांब कुठेतरी कागद चुरगाळल्यासारखं काहीतरी झालं आणि संपलं. मग ते म्हणाले, "आधीच्या पुस्तकातलं वर्णन जरा फिरवून घेतलं तर? वाचकांना काय कळतंय." मी फोन ठेवला. वाचकांना कळत नसेल, मला कळतं ना.

तेव्हा प्रश्न असा उरला, की पक्षी गेला की कान गेला?

पक्षी जायला कारणं पुष्कळ आहेत. समोरचा बंगला पडून तिथे बारा मजले चढले, दिवसभर ड्रिल चालतं, सफाईवाले पानगळीचे ढीग पेटवतात. मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले ते, खरं सांगायचं तर, कान निर्दोष आहेत असा दाखला आणायला. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, बटण हातात दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाले. मी बसले. पुढे पुढे आवाज थांबलेच. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ सरळ चालत येऊन जिना उतरावा तशी उतरली होती.

"वयाने होतं, मॅडम. बोलणं ऐकू येईल तुम्हाला व्यवस्थित. फक्त वरच्या पट्टीचे आवाज जातात. पक्षी वगैरे."

वगैरे! माझं सगळं आयुष्य त्या माणसाने एका 'वगैरे'त गुंडाळून माझ्या हातात दिलं. आणि वर म्हणाले, "तसं रोजच्या जगण्यात काही अडत नाही."

यंत्र घेतलं. घरी सांगितलं, फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून. ते कानात घालून प्रथम गेले मंडईत, कारण डॉक्टर म्हणाले होते, गर्दीत सवय करा. मेथीची जुडी पिशवीत टाकली तर पिशवीतून पालापाचोळा तुडवल्याचा आवाज. "ताई, या इकडं, कलिंगड बघा साखर!" हे वाक्य थेट मेंदूत उमटलं. नाणं पडलं, तराजू खणखणला, कुणीतरी शिंकलं, सगळं एकाच अंतरावर, माझ्या नाकासमोर. घरी येऊन गॅलरीत बसले तर तीन मजल्यांचे कुकर, पाण्याचा पंप आणि खालच्यांचा मिक्सर. फुलटोच्या नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वापरत राहा, काही महिन्यांनी फरक पडेल. अगदी वरचं जे गेलं ते मात्र परत येईलच असं नाही. मी यंत्र डबीत घातलं आणि डबी खणात. श्रीधर म्हणाले, "निसर्गात कुकरही येतो, असं समज." मला त्यांचा इतका राग आला की मी रात्रीच्या भाजीत मीठच घातलं नाही.

राग येण्याचं खरं कारण वेगळं होतं. श्रीधरना फुलटोच्या ऐकू येत होता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे, आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेलेलं, दाराची बेल दोनदा वाजवावी लागते; पण सकाळी चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत बसले की थोड्या वेळाने मान तिरकी करून म्हणायचे, "आला." अगदी त्या फाल्गुनातल्यासारखंच. आणि मी म्हणायची, "हो, ऐकला." काय म्हणणार? निसर्गलेखिकेला ऐकू येत नाही आणि टूलरूमवाल्याला येतं, हे आपल्याच घरात, आपल्याच तोंडाने सांगू? शिवाय त्यांचा तो आनंद मोडवत नव्हता. मी "हो" म्हणायची, आत जायची आणि कोऱ्या कागदासमोर बसून त्यांच्या कानांचा हेवा करायची. सख्ख्या नवऱ्याच्या कानांचा हेवा! हे माझ्या कुठल्याही पात्राने केलं असतं तर मी ते खोडलं असतं.

पाडव्याला मुक्ता आली. ती बाणेरला राहते, आयटीत आहे, सणाला येते आणि आमची औषधं तपासते. गुढी उभारायच्या आधी तिघं चहाला गॅलरीत बसलो. सत्काराच्या कडुनिंबाच्या रोपाची पानं तोडून मी गुढीला बांधणार होते. तेवढा तरी उपयोग. हवेत अजून गारवा होता. श्रीधरनी मान तिरकी केली.

"आला."

"हो, आला," मी म्हणाले.

"कोण आला?" मुक्ताने विचारलं.

"फुलटोच्या. तुझ्या लहानपणापासून येतो," श्रीधर म्हणाले.

"मला तर काहीच ऐकू नाही आलं."

"कानात सारखी ती बोंडं घालून बसता तुम्ही लोक," मी म्हणाले. "येईल कसं?"

मुक्ताने फोन काढून कठड्यावर ठेवला. त्यात आवाज ओळखणारं ॲप असतं. पक्षी बोलला की पडद्यावर त्याचं नाव आणि चित्र येतं. कावळा आला. बुलबुल आला. तांबट आला. पोपटांचा थवा गेला, त्यांचीही नोंद झाली.

"बाबा, आत्ता परत आला होता का?"

"आत्ता... हो. मघाशी आला होता."

"आई?"

मी श्रीधरांकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, तुम्हाला खरंच ऐकू आला?"

"तू 'हो' म्हणालीस की."

"तुम्ही 'आला' म्हणालात म्हणून म्हणाले!"

"मी म्हणालो कारण तुझं प्रकरण अडलंय. म्हटलं, आला म्हटलं की तू कान लावशील, ऐकशील आणि लिहून मोकळी होशील. मला कधीच यायचा बंद झालाय तो. तुझ्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू सांगितलंस?"

"मी तुमचं मन राखत होते!"

"मग मी काय करत होतो?"

मुक्ता आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. "म्हणजे तुम्ही दोघं दोन वर्षं रोज सकाळी इथे बसून एकमेकांना खोटं सांगताय? सीरियसली?"

"रोज नाही," श्रीधर म्हणाले. "थंडीत आत बसतो."

मला हसू यायला हवं होतं. मी उठून उभी राहिले, बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुक्ताने हात वर केला. "श्श! थांबा. हा... हा बघा." ती बांडगुळाकडे बघत होती. कठड्यावरच्या पडद्यावर एका मळकट पक्ष्याचं चित्र उमटलं आणि त्याचं नाव. नाव विझलं, पुन्हा उजळलं. पुन्हा. तो बोलत होता. आम्ही दोघं पुढे वाकून फोनकडे बघत होतो, फोडणीचा वास येत होता, खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत होती, ती मला नीट ऐकू आली.

"किती क्लिअर येतोय गं आई," मुक्ता हळूच म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

पक्षी आहे, हे कळल्यावर बरं वाटायला हवं. मी त्याच्यासाठीच तर सभेत भांडले. पण मला झाला तो संताप. बांडगूळ वाचवलं, झाड वाचवलं, बारा मजल्यांना आणि ड्रिलला पुरून तो पक्षी टिकला, आणि जी गोष्ट वाचवायची माझ्या ध्यानीमनीही नव्हती तेवढी नेमकी गेली. कुणाशी भांडू आता? कुठल्या सभेत उभी राहू? त्याहून चमत्कारिक म्हणजे, तो रोजच येत असणार. आम्ही "आला, आला" म्हणून जे खोटं बोलत होतो त्यातलं कितीतरी खरंच असणार, आणि ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

मुक्ताने जाताना खणातली डबी काढून माझ्या उशाशी ठेवली. "घालत जा. आणि प्रकरणाचं एवढं काय, मी ऐकून सांगते ना तुला, तू लिही." बिचारी मनापासून म्हणाली. मी श्रीखंडाचा डबा तिच्या हातात देऊन विषय बदलला. दुसऱ्याच्या कानांनी ऐकून लिहायचं तर परागच्या लिंकने काय घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गॅलरीत. कपबशा त्याच, रोपं तीच. यंत्र मी कानात घातलं होतं, तेव्हा कुकरही होते. गुढीचा कडुनिंब सुकून कठड्यावर पडला होता. बांडगुळाची पानं हलत होती, वाऱ्याने की कशाने सांगता येत नव्हतं. श्रीधर झाडाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. केसाइतक्या फरकाने माल परत पाठवणारा माणूस तो. त्यांनी सवयीने मान तिरकी केली, तोंड उघडलं आणि मिटलं. चहा निवून गेला तरी प्यायले नाहीत.

मग झाडावरची नजर न काढता म्हणाले, "आला असेल."

मी आत गेले आणि शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं. दुपारी श्रीधरनी ते पान मागून घेतलं, चष्मा लावला आणि वाचलं. आला असेल, एवढंच होतं त्यात. "हे तू ऐकलंस?" असं त्यांनी विचारलं नाही.